राखणदाराची विडी

गेल्या महिन्यात घाटावर नोकरीला असलेल्या माझ्या पुतण्याने मोबाईलवर एक फोटो पाठवला. धावत्या गाडीतून काढलेला, थोडा हललेला. रुळांच्या कडेला बुटका दगडी फलाट, त्यावर माजलेली घाणेरी आणि छप्पर नसलेले लोखंडी खांब. खाली त्याने लिहिले होते, ‘काका, हाच ना तुमचा थांबा? त्या आमोण्याच्या माणसाने विडी ओढून आग लावली तो?’

मी त्याला ‘हो’ असे उत्तर पाठवले आणि चहा पीत बसलो.

असे ‘हो’ मी आयुष्यभर म्हणत आलो. ती गोष्ट पुतण्याला मीच सांगितली होती. माझ्या मुलांना, मेहुण्यांना, पेडण्याच्या बाजारात भेटणाऱ्यांनाही मीच सांगितली. हसून सांगत असे, कारण ती रंगवून सांगता येण्यासारखी होती. फक्त ती खरी नव्हती. आग आमोण्याच्या माणसाने लावली नव्हती. ती माझ्या हातून लागली. आता मी ऐंशीला टेकलो आहे, तो माणूस वारला आहे, आणि जे झाले ते मला जसे झाले तसेच लिहायचे आहे.

तो थांबा कोणत्याही गावाचा नव्हता. दारूगोळ्याच्या कारखान्यासाठी दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी तो बांधला. तिकिटाची खिडकी नाही, मास्तर नाही, नावाची पाटीही नाही. पाटी मुद्दामच लावली नव्हती, शत्रूला जागा कळू नये म्हणून, असे जुने कामगार सांगत. शहरातून निघालेली कामगारांची गाडी सकाळी तिथे रिकामी व्हायची आणि संध्याकाळी भरायची. आम्ही त्याला नुसते थांबा म्हणायचो. महायुद्ध संपल्यावर तो ओस पडला होता. बांगलादेशच्या लढाईच्या वर्षी त्याच्यात पुन्हा जीव आला. कारखान्यात माणसे कमी पडू लागली, पाळ्या वाढल्या, आणि आमच्यासारख्या पोरांची हंगामी भरती झाली.

मी गोव्यातल्या पेडण्याकडच्या पार्शाचा. घरी काजूची बाग आणि थोडी भातशेती होती, पण भाऊ जास्त होते. तेव्हा आमच्याकडच्या तरुणाला खाण नाहीतर घाट, एवढ्या दोनच वाटा होत्या. पेडण्याचा एक गृहस्थ कारखान्यात मुकादम होता. त्याने आपल्या भागातली बरीच पोरे नेली. पेडण्याची, डिचोलीची, पलीकडून दोडामार्गाची. घाटावरचे लोक आम्हा सगळ्यांना एकत्रच ‘कोकणे’ म्हणायचे. आम्ही एकमेकांना गावावरून ओळखायचो. माझ्याच खोलीत डिचोलीकडच्या आमोणे गावचा एकजण होता. माझ्याहून थोडा मोठा, लग्न झालेला, घरी लहान मुलगी. त्याला मी इथे सोबती म्हणतो. त्याच्यासाठी मला दुसरा शब्द वापरायचा हक्क उरलेला नाही.

थांब्यावर एक शिरस्ता होता. कारखान्याच्या फाटकावर कसून झडती व्हायची. काडेपेटी किंवा विडी सापडली तर नोकरी गेलीच म्हणून समजा. म्हणून फलाटाच्या मागच्या गडग्यात, म्हणजे दगडी भिंतीत, प्रत्येकाने आपापले एक भोक धरलेले होते. सकाळी गाडीतून उतरले की विड्या आणि काडेपेटी त्या भोकात ठेवायची आणि परतताना उचलायची. कोणी कोणाच्या भोकाला हात लावत नसे. निदान तसे म्हणायचे.

“माझे विडये कमी कशे झाले रे?” कोणीतरी रोज ओरडायचा.

“उंदीर बाबा, उंदीर,” सोबती गंभीर चेहऱ्याने म्हणायचा. “घाटावरचो उंदीर. आमच्या आमोण्याचो उंदीर असतो तर काडयो पण नेल्यो असत्यो.”

तो विड्या फार ओढायचा. हे पुढे त्याच्या मुळावर आले.

फलाटाच्या टोकाला एक कडुलिंब होता. त्याच्या बुंध्याशी आमच्या लोकांनी एक दगड मांडला होता. गोव्यात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. प्रत्येक जागेला तिचा राखणदार असतो. परक्या जागेत काम करायचे तर आधी त्याला सांगावे लागते की आम्ही अमुक गावचे, पोटासाठी आलो आहोत, सांभाळून घे. त्याला पावाचा तुकडा, चार थेंब दारू आणि एक पेटवलेली विडी ठेवायची. विडी पेटवूनच ठेवायची, कारण राखणदार रात्रभर फिरून दमलेला असतो आणि त्याला आयती ओढायला हवी असते. अमावास्येला मुकादम स्वतः हे करायचा. घाटावरचे कामगार हसायचे, “कोकण्यांचा देव विडी ओढतो!” पण कोणाच्या घरी काही अडले की तेही हळूच दगडापाशी जाऊन उभे राहायचे.

लढाई सुरू झाली तशी काळोख पाळायचा हुकूम आला. थांब्याजवळच्या बाजूच्या रुळांवर दारूगोळ्याच्या रिकाम्या पेट्या येऊन पडू लागल्या. त्यांत भरलेला लाकडाचा भुसा आणि गवत वाऱ्याने फलाटावर पसरायचे. मुकादमाने आम्हाला दगडाजवळ जमवले.

“आजपासून राखणदाराक विडी सुकी ठेवायची,” तो म्हणाला. “पेटवायची नाय. लढाई सरली की एकदम बारा पेटवन देऊया. तो समजून घेयत.”

“तेका विचारलास?” सोबती म्हणाला.

“विचारलां. तुझ्यासारखो खुळो नाय तो,” मुकादम म्हणाला, आणि सगळे हसले.

मला मात्र ते पटले नाही. तेव्हा हंगामी माणसांतून काहींना कायम करणार होते आणि मी मनातल्या मनात राखणदाराला बोललो होतो, मला कायम कर, मी तुला वेळेवर देईन. सुकी विडी ठेवणे मला फसवणूक वाटू लागले. भरल्या ताटावर बसवून मीठ न वाढण्यासारखे. आज हे वाचणाऱ्याला हसू येईल. मला तेव्हा खरोखर भीती वाटत होती की कायम व्हायचे राहिले तर ते सुक्या विडीमुळेच राहील.

तिन्हीसांजेची वेळ होती. गाडी यायला थोडा अवकाश होता आणि सगळे फलाटाच्या दुसऱ्या टोकाला गेले होते. मी भोकातून काडेपेटी घेतली, कडुलिंबाकडे गेलो, ओंजळीच्या आडोशाने विडी पेटवली, एक झुरका घेऊन ती चांगली धरली आहे ना ते पाहिले आणि दगडावर ठेवली. हात जोडले. मग धावत जाऊन घोळक्यात मिसळलो. गाडी आली, आम्ही चढलो. सोबती मागे राहिला होता. तो गडग्यापाशी काहीतरी शोधत होता आणि मग झाडाकडेही गेला. सगळ्यात शेवटी, गाडी हलताना, तो चढला. झाडाकडे कशाला गेला होतास, असे मी विचारले नाही. खिडकीतून मागे पाहायचीही माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी थांब्याचे छप्पर नव्हते. भुसा पेटला, त्यातून ताडपत्री, पेट्या आणि छप्पर. पेट्या रिकाम्या होत्या म्हणून कारखाना वाचला. आग विझवताना एका पहारेकऱ्याचे दोन्ही हात भाजले. त्याचे हात पट्ट्यांत गुंडाळलेले मी पाहिले आहेत. तो माझ्याकडे पाहून हसलाही होता, कारण मी त्याला रोज नमस्कार करत असे.

लढाईचे दिवस. घातपात की काय म्हणून मोठे अधिकारी आले. आम्हा कोकण्यांना एकेक करून आत बोलावले. त्या सकाळी सोबत्याची काडेपेटी त्याच्या भोकात नव्हती, ती त्याच्या खिशात होती. विसरून राहिली, असे तो म्हणाला. झाडाकडे गेलो ते सुकी विडी ठेवायला, असेही त्याने खरे ते सांगून टाकले. तिथे आधीच एक विडी होती, पण गाडीच्या घाईत ती पेटलेली आहे की विझलेली ते मी पाहिले नाही, असे तो म्हणाला. यावर तिथे कोणी विश्वास ठेवला नाही.

मला विचारले, “झाडाकडे कोण गेले होते?”

मी म्हणालो, “तो मागे राहिला होता.”

एवढेच. हे वाक्य खरे होते. मी त्या खोलीत खोटे असे एकही वाक्य बोललो नाही, आणि पुढे किती वर्षे मी याचाच आधार धरून होतो.

त्याला काढून टाकले. जाताना त्याने खोलीतले आपले अंथरूण गुंडाळले आणि मला म्हणाला, “माझी ती काठाची थाळी ठेव तुका. माका वझां नको.” मी ठेवून घेतली. काही महिन्यांनी मी कायम झालो. लढाई तोवर संपलीच होती; पाळ्या कमी झाल्या, कारखान्याने बसगाड्या सुरू केल्या आणि थांबा बंद पडला. छप्पर पुन्हा कधी घातलेच नाही.

पण गोष्ट थांब्यावर संपली नव्हती. ती आमच्या आधी गोव्यात पोहोचली. पहिल्या सुट्टीत मी पार्शाला आलो तेव्हा लोकांनीच मला विचारले, “काय रे, आमोण्याच्या त्या माणसान कारखानो जाळलो म्हणतत?” मी म्हणालो, “असां म्हणतत खरां.” तिथून मला सांगायची सवय लागली.

आमोण्यात त्याला फारच त्रास झाला. गावाचे नाव घालवले असे लोक म्हणू लागले. शेवटी तो स्वतःच देवळात गेला, देवाच्या पायरीवर हात ठेवून सगळ्यांसमोर शपथ घेतली: मी विडी पेटवली नाही, पेटवली असेल तर माझ्या घराला बाधू दे. त्याच पावसाळ्यात त्याची लहान मुलगी वारली. झाले. मग कोणाला विचारायचे उरले नाही. देवाने निकाल दिला, असे गाव म्हणाले. हे मला आमोण्याच्याच एका कामगाराने बसची वाट पाहताना सांगितले. मी म्हणालो, “देवाची करणी.” असे म्हणून मी बसमध्ये चढलो. 

निवृत्त होऊन मी पार्शाला परतलो. घर वाढवले. लोक मला साहेब म्हणू लागले. देवळाच्या कामात मी असतो. उत्सवात पुढे बसतो. आमोणे पार्शापासून काही फार लांब नाही, पण मी तिथे कधी गेलो नाही. तो नदीवर खनिजाच्या बार्जेसवर काम करतो, एवढे कानावर होते. तो गेल्याची बातमी वर्तमानपत्रात फोटोसह आली तेव्हा मी ते पान दुमडून ठेवले आणि बायकोला म्हणालो, आज पेपरात काही नाही.

पुतण्याच्या त्या फोटोनंतर थोड्याच दिवसांनी, एका रविवारी, घरासमोर टॅक्सी थांबली. मोपाच्या विमानतळावर चालतात तसली. चालवणारा माणूस पन्नाशीला आलेला. अंगणात चपला काढून आत आला.

“काका, तुमी माझ्या बाबांच्या वांगडा घाटावर होतात ना? मी आमोण्याचो.”

चेहरा पाहून मला नाव विचारावे लागले नाही.

बायकोने त्याला बसायला सांगितले, चहाबरोबर पाव ठेवला. तो संकोचत बोलू लागला. घरात कसले काही धड होत नाही. मुलीचे लग्न ठरून मोडते. त्याने देवाला कौल लावला, तेव्हा घरातली जुनी शपथ आडवी आहे असे निघाले. म्हणून देवळात गावकरामार्फत चूक कबूल करून देवाला गाऱ्हाणे घालायचे ठरले. वडिलांनी खोटी शपथ घेतली, त्याची माफी मागायची.

“पण गावकर म्हणतत, काय झाला ता बरोबर सांगूक व्हया. आईक विचारलां तर ती तोंड उघडना नाय. बाबा असताना आमी कधी विचारूक नाय. थंय असलेले तुमीच एकटे रवल्यात. तुमी येवन दोन शब्द सांगितलात तर बरां होयत.”

ज्याने केले त्याच्याकडेच तो साक्षीला आला होता, आणि तेही हात जोडून.

तेव्हाच मी सांगायला हवे होते. बायको शेजारी उभी होती. सून आतून ऐकत होती. मी म्हणालो, “येतो.” तो इतका आनंदला की जाताना माझ्या पाया पडला. मी पाय मागे घेतले नाहीत.

ठरलेल्या दिवशी तोच न्यायला आला. अस्नोडा, डिचोली करत आम्ही आमोण्याला गेलो. नदीवर बार्जेस नुसत्या बांधून ठेवलेल्या होत्या. तो गाडी चालवता चालवता वडिलांविषयी सांगत होता. बाबा फार बोलायचे नाहीत, नदीवरून आले की गोठ्यात जाऊन बसायचे. “आमका वाटायचा, बाबांका आमी आवडनाव नाय.”

घरी त्याची आई ओट्यावर बसली होती. पाठ ताठ, डोळे अधू. तिने मला हाताने खूण करून जवळ बसवले.

“तुमी आयलात तां बरां केलात,” ती म्हणाली. “तुमका म्हणून सांगतंय, झिलाक मी सांगूक नाय. चेडू गेल्यार मी तेंका हातान कधी वाढूक नाय. भांडां पुढ्यात ठेवलंय. घेवा, जेवा. मरासर. तेंनी एकदाय विचारल्यानी नाय, कित्याक म्हणान. मी म्हटलां, मनात चोर आसा, विचारतलो कसो?”

मुलगी गेल्यापासून तिने नवऱ्याला मरेपर्यंत हाताने वाढले नव्हते. मी मान खाली घातली. तिला ते सहानुभूतीचे वाटले असावे, कारण तिने माझ्या हातावर हात ठेवला.

“आज देवाक सांगून मोकळी जातंय,” ती म्हणाली. “मग वरसाचा पिंडदान नीट करूया.”

तिथेही मी सांगितले नाही. तेव्हा आम्ही दोघेच होतो. सांगायला त्याहून बरी वेळ मिळाली नसती. मी म्हणालो, “वैनी, चला, उशीर होतो.”

देवळात फार माणसे नव्हती. घरचे, शेजारचे, गावातली चार-पाच जुनी माणसे. गावकर वयाने माझ्यापेक्षा बराच लहान, पण आवाज खणखणीत. त्याने मला आधी बाजूला घेऊन विचारले, “मी सांगतंय तां बरोबर आसा मां? चुकलां तर थांबवा.” मग नारळ पुढे ठेवला, विड्याचे पान ठेवले आणि सुरू केले.

“बा देवा महाराजा!”

“व्हय महाराजा!” सगळे म्हणाले. मीही.

“आज हां तुझां लेकरू नारळ-पान घेवन तुझ्या पायाकडे उभां आसा.”

“व्हय महाराजा!”

“परमुलकात पोटासाठी गेलेल्या तेच्या बापाशीन चूक केल्यान, राखणदाराची विडी पेटवल्यान.”

गाऱ्हाण्याला ‘व्हय’ म्हणायचे असते. लहानपणापासून ते तोंडात बसलेले असते. गावकर श्वास घेतो आणि आपण बोलतो, मध्ये विचार नसतो. या वेळीही सगळ्यांच्या तोंडून ते निघाले. माझ्या शेजारी ती म्हातारी सगळ्यांत मोठ्याने म्हणाली, डोळे मिटून, जणू एवढी वर्षे तिने ते कोंडून ठेवले होते. तिचा तो आवाज ऐकून माझ्या तोंडून निघाले,

“न्हय.”

गाऱ्हाण्याला कोणी ‘न्हय’ म्हटलेले मी कधी ऐकले नव्हते. त्यांनीही ऐकले नसावे. गावकराने वळून पाहिले.

“कोण न्हय म्हणता?”

“मी,” मी म्हणालो. “तेना नाय पेटवल्यान. मी पेटवलंय.”

मग मी सगळे सांगितले. नीट सांगता आले नाही. कायम होण्याचे आधी सांगितले, आगीचे नंतर, मध्येच पहारेकऱ्याचे हात आले. चौकशीत मी काय बोललो ते सांगितले. सगळे संपल्यावर एक म्हातारा म्हणाला, “इतकी वरसां दातखीळ बसलेली? पेन्शन खाताना तोंड बरां उघडत होता.” कोणी हसले नाही. दुसरा म्हणाला, “आता मेल्यार सांगून काय उपेग?” मुलगा नारळाकडे बघत उभा होता.

मी म्हातारीकडे वळलो आणि वाकलो. तिने पाय आखडून घेतले.

“माका विचारूचा आसा,” ती म्हणाली. मला नाही, गावकराला. “तेंनी खरी शपथ घेतली, तर चेडू कित्याक गेलां?”

गावकराने म्हाताऱ्यांकडे पाहिले.

“कावीळ झालेली तेका,” मघा पेन्शनचे बोललेला म्हातारा हलक्या आवाजात म्हणाला. “डॉक्टर सांगत होतो. ‘पणजेक न्हेया’ म्हणत होतो तो. आमीच म्हटलां, शपथ बाधली, औषध काय करतला.”

ती खांबाला टेकून खाली बसली. रडली नाही. मी केलेल्या गोष्टीची टोके कुठवर गेली होती ते मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हते. मी समजत होतो की एका माणसाची नोकरी गेली, नाव गेले. त्या मुलीला पणजीला नेले असते तर ती वाचली असती की नसती, हे कोणी सांगू शकत नाही. पण तिला नेले नाही, ते का, हे आता मला माहीत आहे. आणि तिच्या आईलाही माहीत झाले ते माझ्यामुळे. ज्या समजुतीच्या आधाराने तिने नवऱ्यापुढे नुसते भांडे ठेवले होते, ती समजूत मी त्या दिवशी काढून घेतली आणि बदल्यात तिला काहीच दिले नाही.

मग ती गावकराला म्हणाली, “नारळ असोच आसा मां? मग माझां घाल.”

“तुमचां?”

“माझां. घोवान देवासमोर खरां सांगलां आनी मी तेचां खरां मानूक नाय. मी तेका हातान वाढूक नाय. असां घाल.”

गावकराने पुन्हा सुरू केले. त्याचा आवाज मघासारखा नव्हता. तिने सांगितले तसेच, एकेक शब्द, देवाला सांगितले. प्रत्येक वाक्याला आम्ही ‘व्हय महाराजा’ म्हणालो. मलाही म्हणावे लागले. तिची ती चूक माझी होती आणि माफी ती मागत होती, आणि मी इतरांसारखाच तिला होकार देत उभा होतो.

नारळ फुटल्यावर गावकराने माझ्याकडे पाहिले. “तुमचां पण घालूया?” त्याने विचारले. तो चांगला माणूस होता.

“तेंचां हंय नको,” म्हातारी म्हणाली. “तेंचां तेंनी तेंच्या गावात घालूचां. थंय तेंका साहेब म्हणतत ना?”

मुलगा मला परत सोडायला आला. मी बसने जातो म्हणालो, तर तो म्हणाला, “मी हाडलां, मी पावयतंय.” डिचोली मागे पडली तसा त्याने गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला,

“काका, तेवां तुमी सांगितला असता तर काय झाला असता?”

“माझी नोकरी गेली असती.”

“आनी?”

मी विचार केला. तुरुंग झाला असता का? कदाचित थोडा. सोबत्याला झाला नव्हता. “गावाक परत आलो असतो,” मी म्हणालो. “बागेत काम केला असता.”

“एवडांच?”

“एवडांच.”

तो पुढे गाडी चालवत राहिला. पार्शाला घरासमोर गाडी उभी केली, मी उतरेपर्यंत थांबला, आणि या वेळी पाया न पडता निघून गेला. त्यात राग नव्हता. पाया पडण्यासारखे समोर कोणी नव्हते एवढेच.

त्या संध्याकाळी मी बायकोला आणि मुलाला सांगितले. मुलगा म्हणाला, “बाबा, तिथे सांगितलेत ना? झाले तेवढे पुरे. इथे कशाला? आम्हालाही तोंड दाखवायचे आहे.” बायको म्हणाली, “म्हातारपणी आता गावभर करू नकात.” हे ऐकून मला बरे वाटले. आठवडाभर मी त्यांच्याच म्हणण्याचा आडोसा घेतला. घरच्यांसाठी गप्प बसतो असे स्वतःला सांगितले. मग लक्षात आले की चौकशीच्या खोलीतही मी असाच आडोसा शोधला होता, फक्त तेव्हा घरचे नव्हते, एक खरे वाक्य होते.

काल मी आमच्या गावकराकडे गेलो. त्याला वाटले उत्सवाचे काहीतरी ठरवायला आलो. माझे गाऱ्हाणे घालायचे आहे म्हटल्यावर तो ओशाळला.

“तुमचां? साहेब, तुमचां कसलां? घालूया मां. ‘कळत नकळत झालेली चूक’ म्हणान घालूया. सगळ्यांचांच तसां घालतत.”

“नकळत झाली नाय,” मी म्हणालो.

“मग काय म्हणू?”

मी त्याला म्हणायची वाक्ये सांगितली. विडीचे, चौकशीचे, आमोण्याच्या शपथेचे, त्या मुलीचे. तो ऐकत होता आणि मध्येमध्ये दाराकडे बघत होता, कोणी येते का म्हणून. सगळे ऐकून म्हणाला, “ह्या सगळ्याक लोक व्हय म्हणतीत?”

“म्हणूक व्हयां,” मी म्हणालो.

सोमवार ठरला आहे. बायकोने ‘मी येणार नाही’ असे सांगितले आहे. मी तिला आग्रह केला नाही.